शिप्ड की शिप्ट? भिवंडीच्या पार्सलवरून समजून घ्या इंग्रजी शब्दांच्या शेपटीचं गणित

मोबाइलवरून एखादी वस्तू मागवली की पुढचे दोन दिवस आपला एकच उद्योग असतो. ॲप उघडायचं आणि पार्सल कुठवर आलं ते बघायचं. पॅक्ड झालं का? शिप्ड झालं का? तुम्ही मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात राहत असाल तर हे पार्सल भिवंडीतल्या एखाद्या गोडाऊनमधून निघालेलं असण्याची शक्यता बरीच मोठी. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या गावांमध्ये जिथे एकेकाळी भातशेती होती, तिथे आता पत्र्याच्या उंच शेडच्या रांगा आहेत.

ॲपवर दिसणारे शब्द एकदा नीट बघा. पॅक्ड, शिप्ड, डिलिव्हर्ड, रिटर्न्ड, रिजेक्टेड. सगळ्यांच्या शेवटी स्पेलिंगमध्ये ई आणि डी ही दोन अक्षरं. (ईडी म्हटलं की हल्ली वेगळंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण इथे ती ईडी नाही.) स्पेलिंग एकच असलं तरी या शेपटीचा उच्चार तीन वेगवेगळ्या प्रकारे होतो. पॅक्ड आणि शिप्ड हे शब्द इंग्रजी बोलणारा माणूस ‘पॅक्ट’ आणि ‘शिप्ट’ असे म्हणतो. डिलिव्हर्ड आणि रिटर्न्डमध्ये खरंच ‘ड’ ऐकू येतो. रिजेक्टेडमध्ये तर एक अख्खा जादा स्वर लागतो, ‘रिजेक्टिड’ असा काहीसा.

हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण ते आलं मुख्यतः फळ्यावरून आणि पुस्तकातून, म्हणजे डोळ्यांनी. स्पेलिंग पाठ झालं, कान कोरडेच राहिले. मग ईडी दिसली की कोणी ‘पॅकेड’, ‘शिपेड’, ‘चेकेड’ म्हणतं आणि वर्गात किंवा मुलाखतीत कोणीतरी हसतं. एकदा हसू झालं की ते पोरगं पुढच्या वेळी शेपटीच गिळून टाकतं. म्हणजे ‘चेकेड’ऐवजी नुसतं ‘चेक’.

खरी अडचण तिथेच होते. फोनवर समोरच्या ऑफिसला ‘वी चेक ऑल द बॉक्सेस’ असं सांगितलं, तर त्याचा अर्थ ‘आम्ही सगळे बॉक्स तपासतो’ असा होतो, म्हणजे तशी आमची पद्धत आहे. आज तपासले की नाही, हे त्यातून कळत नाही. ‘वी चेक्ट ऑल द बॉक्सेस’ म्हणजे काम झालं. मराठीत ‘तपासतो’ आणि ‘तपासले’ यांच्यात ऐकण्याची चूक होऊच शकत नाही. इंग्रजीत मात्र काम झालं की नाही, ही सगळी माहिती त्या एवढ्याशा ‘ट’वर लटकलेली असते.

मग नियम काय आहे?

नियम सोपा आहे आणि तो लक्षात ठेवायला वहीपेक्षा गळा जास्त उपयोगी पडतो. गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवा आणि लांब ‘स्स्स्स’ म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. आता माशी घोंघावते तसा ‘झ्झ्झ्झ’ आवाज काढा. बोटांखाली थरथर जाणवेल. पहिला आवाज अघोष, दुसरा घोष. शाळेच्या व्याकरणात यांनाच कठोर आणि मृदू व्यंजनं म्हणतात.

मूळ शब्दाचा शेवटचा आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, फ, स, श, च यांपैकी काही, तर ईडीचा उच्चार ‘ट’. पॅक, शिप, चेक, मिस, डिस्पॅच यांचं होतं पॅक्ट, शिप्ट, चेक्ट, मिस्ट, डिस्पॅच्ट. शेवटचा आवाज मृदू असेल किंवा स्वर असेल तर ‘ड’. स्कॅन्ड, कॅन्सल्ड, रिटर्न्ड, डॅमेज्ड, डिलेड. आणि शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल, जसं लोड, सॉर्ट, रिजेक्ट, तर ‘इड’. का? ‘लोड’ला थेट आणखी एक ‘ड’ चिकटवून बघा. जीभ जागच्या जागी अडकते, ऐकणाऱ्याला फरकच कळत नाही. म्हणून मध्ये एक छोटा स्वर पाचरीसारखा घालावा लागतो.

एक सावधगिरी मात्र हवी. इथे शेवटचा आवाज बघायचा, शेवटचं अक्षर नाही. इंग्रजी ‘प्लेस’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई असते, पण ऐकू येतो तो ‘स’. म्हणून प्लेस्ट. ‘लाफ’च्या शेवटी जी आणि एच असतात, ऐकू येतो ‘फ’. म्हणून लाफ्ट. बँकेत ज्याला आपण फिक्स्ड डिपॉझिट म्हणतो, ते याच हिशेबाने ‘फिक्स्ट डिपॉझिट’ आहे.

आता हे सगळं परकं वाटत असेल, तर दहावीचं मराठी व्याकरण आठवा. विपद् अधिक काल म्हणजे विपत्काल. ‘द’चा ‘त’ का झाला? पुढचा ‘क’ कठोर आहे म्हणून. उलट वाक् अधिक विहार म्हणजे वाग्विहार. पुढे मृदू ‘व’ आला, म्हणून ‘क’चा मृदू ‘ग’ झाला. स्पर्धा परीक्षा देणारे प्रथम व्यंजनसंधी आणि तृतीय व्यंजनसंधी म्हणून हेच घोकत असतात. पॅक्डचा पॅक्ट होतो तो अगदी ह्याच न्यायाने. कठोर आवाजाला कठोर शेजारी लागतो, मृदूला मृदू. फरक एवढाच, की संस्कृतात पुढचा आवाज मागच्याला बदलतो आणि इंग्रजीत मागचा पुढच्याला.

आपली वर्णमालाच मुळी या हिशेबाने रचलेली आहे. क-ख कठोर, ग-घ मृदू. च-छ कठोर, ज-झ मृदू. इंग्रजीच्या एबीसीडीत असं काही नाही. बी शेजारी सी आणि सी शेजारी डी का बसते, याला उच्चाराचं कुठलंच कारण नाही. त्यामुळे ईडीचा नियम मराठी शाळेतल्या मुलाला खरं तर लंडनच्या मुलापेक्षा लवकर समजावता येतो. फक्त तो मराठी व्याकरणाच्या तासाला समजवायला हवा. इंग्रजीचे सर आणि मराठीच्या बाई एकाच स्टाफरूममध्ये बसतात, पण त्यांची ही गाठ कधी पडत नाही.

‘एक अक्षर आणि दोन उच्चार, हा काय प्रकार आहे’ असं म्हणण्याचीही सोय आपल्याला नाही. ‘माझा’ म्हणा आणि मग ‘माझी’ म्हणा. लिहिताना झ तोच. पण ‘माझा’मध्ये जीभ दातांमागे जाते आणि ‘माझी’मध्ये टाळूला लागते. मराठी घरातलं तीन वर्षांचं पोर हा फरक बिनचूक करतं, कोणी शिकवलेलं नसताना.

पण इंग्रजांनी लिहिलं तसं बोलायला काय हरकत होती?

एकेकाळी ते तसंच बोलत होते. जुन्या इंग्रजीत ही शेपटी स्वतंत्र स्वरासकट, पूर्ण उच्चारली जायची. म्हणजे आज ज्या ‘पॅकेड’ थाटाच्या उच्चाराला हसतात, तो काही शतकं मागे गेलात तर चुकीचा नव्हता. नंतर बोलण्याच्या ओघात मधला स्वर गळत गेला. पण १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. तोंड पुढे गेलं, कागद मागे राहिला.

हा बदल तेव्हाही सगळ्यांना रुचला नव्हता. ‘गलिव्हर’वाला जोनाथन स्विफ्ट यावर चांगलाच चिडला होता. १७१२ मध्ये त्याने इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी एक जाहीर प्रस्ताव लिहिला. त्यात त्याची एक तक्रार अशी होती, की लोक ईडीमधला स्वर खाऊन टाकतात आणि त्यामुळे भाषा खडबडीत होते. त्याचं कोणी ऐकलं नाही.

जुन्या उच्चाराचे काही अवशेष मात्र टिकून आहेत. कोर्टात वकील समोरच्या वकिलाला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतात, तेव्हा त्यात ‘लर्निड’ असा पूर्ण उच्चार होतो. तोच शब्द ‘शिकलो’ या अर्थाने आला तर नुसता ‘लर्न्ड’. दुष्ट या अर्थाचा ‘विकिड’ आणि उघडा या अर्थाचा ‘नेकिड’ हेही त्याच रांगेतले.

अनेकवचनातही हाच खेळ

ईडी समजली की एस फुकटात समजतो. कठोर आवाजानंतर ‘स’: पॅकेट्स, ट्रक्स, स्लिप्स. मृदू आवाजानंतर किंवा स्वरानंतर झुळझुळीत ‘झ’, ‘माझा’मधल्या ‘झ’च्या जवळचा: बॅग्झ, लूम्झ, ऑर्डर्झ. आणि शेवटी आधीच स, झ, श, च, ज यांच्यासारखा सळसळणारा आवाज असेल तर मध्ये स्वराची पाचर: बॉक्सिझ, पॅकेजिझ, बॅचिझ.

भिवंडीत हा धडा शिकवायचा तर गंमत येईल, कारण या शहराच्या कानात बऱ्याच भाषा आहेत. गावठाणातली आगरी-कोळी बोली, कोकणी मुसलमानांची बोली, उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, यंत्रमागावर आणि गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांची भोजपुरी. प्रत्येकाची इंग्रजी शेपटी वेगळ्या जागी अडकते. तेलुगूमध्ये शब्द स्वरावर संपवण्याची सवय आहे, तिथे बसचा ‘बस्सु’ आणि कारचा ‘कारु’ होतो. त्यामुळे व्यंजनावर कापल्यासारखा संपणारा शब्द तेलुगू जिभेला जरा जड जातो. उर्दू शाळेतल्या मुलाला मात्र ‘झ’ची अडचण नाही. त्या आवाजासाठी उर्दूत एक नाही, चार अक्षरं आहेत.

उर्दूची आणखी एक मजा बघा. टेलिव्हिजन आणि डिव्हिजन या शब्दांच्या शेपटीत इंग्रज ‘ज’ म्हणत नाहीत. ‘श’ म्हणताना गळा थरथरवला तर जो आवाज निघेल, तो म्हणतात. मराठीत त्याला अक्षरच नाही, म्हणून आपण ‘ज’ लिहून मोकळे होतो. उर्दूत मात्र फारसीतून आलेलं ‘झे’ नावाचं खास अक्षर त्यासाठी आहे आणि उर्दूत टेलिव्हिजन लिहिताना तेच वापरतात. म्हणजे एकाच शहरात, शेजारशेजारच्या दोन शाळांमध्ये, एका मुलाच्या पाटीवर हा आवाज आहे आणि दुसऱ्याच्या पाटीवर नाही.

सायझिंग, वार्पिंग, डाइंग

गोडाऊन येण्याआधी भिवंडी ओळखली जायची ती यंत्रमागांसाठी, आणि अजूनही तशीच ओळखली जाते. या धंद्याची भाषा म्हणजे आयएनजीची खाणच. वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंग, डाइंग, फिनिशिंग. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ चढवणं, म्हणजे मागावर ते तुटत नाही. पण भिवंडीत सायझिंग ही क्रिया राहिली नाही, ती जागा झाली. ‘तो सायझिंगमध्ये आहे’ म्हणजे तो त्या कारखान्यात कामाला आहे.

या शेपटीत आपण शेवटी जरा ‘ग’ लावतो. प्रमाण इंग्रजीत तो नसतो. आवाज नाकात घुमून तिथेच थांबतो. वर्णमालेतला ‘ङ’, जो शाळेत सगळ्यांना निरुपयोगी वाटतो, तो नेमका हाच. पण हा ‘ग’ घालवण्यासाठी जिभेला फार त्रास द्यायची गरज नाही. इंग्लंडमध्येच बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूलकडे कित्येक लोक तो ‘ग’ लावून बोलतात. भिवंडीला कौतुकाने भारताचं मँचेस्टर म्हणणाऱ्यांना हे साम्य बहुतेक ठाऊक नसेल.

पाकीट बरोबर की पॅकेट?

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट. तिकीट, पाकीट, जाकीट, बिस्कीट. हे शब्द आपल्याकडे कित्येक पिढ्यांपूर्वी आले आणि इतके मुरले की ते इंग्रजीतून आलेत हेही कोणाच्या लक्षात येत नाही. यांच्या शेपटीकडे बघा. सगळ्यांना ‘ईट’. आणि इंग्रजीत या शब्दांचा शेवट कसा होतो? टिकिट, पॅकिट, जॅकिट, बिस्किट. ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर बरोब्बर तोच.

आता नंतर आलेले शब्द बघा. पॅकेट, जॅकेट, मार्केट, बास्केट, रॉकेट. शेवटी ‘एट’. तेच शब्द, तीच स्पेलिंग, पण उच्चार मूळ इंग्रजीपासून लांब गेला. कारण उघड आहे. पाकीट कानाने आलं आणि पॅकेट डोळ्यांनी. ज्या पणजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी साहेबाच्या किंवा स्टेशनवरच्या बाबूच्या तोंडून जे ऐकलं ते उचललं. नातवाने स्पेलिंग वाचलं. गावाकडचा म्हातारा ‘मार्कीट’ म्हणाला की शहरी नातवंडं हसतात. पण उच्चाराच्या परीक्षेत पहिला नंबर म्हाताऱ्याचाच येईल.

‘मिनिट’ हा शब्दही तसाच. त्याचं स्पेलिंग वाचून कोणी ‘मिन्यूट’ म्हणायला हवं होतं, पण म्हणत नाही. कारण तो कानाने आला. उलट उदाहरण ‘थंब’चं. गोडाऊनमध्ये शिरताना मशीनवर ‘थंब लावला का?’ असं विचारतात. इंग्रजीत अंगठ्याच्या या शब्दात शेवटी ‘ब’ ऐकूच येत नाही, तो नुसता ‘थम’ आहे. जुन्या इंग्रजीत तर त्या शब्दात ‘ब’ नव्हताच, तो मागाहून चिकटला. नळ दुरुस्त करणारा प्लंबरही खरा ‘प्लमर’.

मग सगळंच बदलायचं का?

नाही. इथे थोडा व्यवहार बघावा. कॉलेज, गॅरेज, मेसेज, पॅकेज यांची शेपटी इंग्रज ‘इज’ अशी करतात, आपण ‘एज’ करतो. कोणाचं काही बिघडत नाही, समोरच्याला शब्द कळतो. भारतभर इंग्रजी बोलणारे हेच करतात आणि ती आता भारतीय इंग्रजीची ओळख आहे. आयएनजीच्या ‘ग’चंही तेच. ‘प्लमर आला’ असं घरी म्हणालात तर उलट लोकच बघत राहतील.

टीआयओएनची काळजी तर करूच नका. स्टेशन, लोकेशन, कनेक्शन आपण ‘शन’ करूनच शिकलो. ‘क्वेश्चन’मध्ये टीच्या आधी एस आला की ‘श’चा ‘च’ होतो, तोही आपण नकळत बरोबर म्हणतो.

लक्ष द्यायचं ते ईडी आणि एसकडे, कारण तिथे अर्थ बदलतो. त्यातही ‘ट’ऐवजी ‘ड’ म्हटलं तर फारसं बिघडत नाही. ‘पॅकेड’सारखा जादा स्वर घातला तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. आणि शेपटी पूर्ण खाल्ली तर काम झालं की व्हायचंय, तेच कळत नाही. चिंता करायची तर या उलट क्रमाने. हसण्याच्या भीतीने शेपटी गिळण्यापेक्षा ‘चेकेड’ म्हटलेलं कधीही चांगलं.

सरावासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. ऑनलाइन इंग्रजी शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की उच्चार ऐकू येतो. ॲपवरचे पाच शब्द, पॅक्ड, शिप्ड, डिलिव्हर्ड, रिटर्न्ड, रिजेक्टेड, एवढे जरी डोळे मिटून ऐकले तरी ईडीचे तिन्ही उच्चार कानात बसतात. गोडाऊनच्या गोंगाटात ‘शिप्ट’ आणि ‘शिफ्ट’ एकसारखे ऐकू येतील, हा धोका आहेच. त्याला इलाज नाही.

आणि इंग्रज तरी दर वेळी ही शेपटी नीट म्हणतात का? घाईच्या बोलण्यात दोन व्यंजनांमध्ये सापडलेला ‘ट’ तेही गिळतात. ‘मिस्ट कॉल’ पटकन म्हटला की ‘मिस कॉल’ होतो. आपण मराठीत बिनदिक्कत ‘मिसकॉल’ म्हणतो आणि लिहितोही. अशीच गिळलेली एक शेपटी पुढे जगभर अधिकृत झाली. बर्फात गार केलेल्या क्रीमला इंग्रजीत आधी ‘आइस्ड क्रीम’ म्हणायचे. बोलताबोलता त्यातली ईडी गळून पडली आणि आइस्क्रीम उरलं.